ऑपरेशनची तारीख लांब आणि रात्र सरता सरत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय, वय ५४. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि अचानक डाग दिसायला लागले. उष्णता असेल म्हणून सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी घेत पाच महिने काढले. मग सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड निघालं, आतला तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्टात कॅन्सर आला. एमआरआय झालाय, आजार पिशवीतच दिसतोय असं डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून पिशवी काढायची ठरलंय. पण शुगर वाढलेली आहे म्हणून तारीख साडेतीन आठवड्यांनंतरची मिळाली. लेक सातव्या महिन्यात आहे, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं, ती पंचमीला येऊन गेली तरी तिला काही सांगितलं नाही. मुलगा पुण्यात नोकरीला. मालक काही बोलत नाहीत, रानातून उशिरा येतात आणि जेवून झोपतात. जाऊबाई म्हणतात पिशवीच काढायचीय ना, निम्म्या गावाची काढलीय. सासूबाई म्हणतात कुणाचं काय वाईट केलं गं तू. ताई लिहितात, "सगळे म्हणायलेत खंबीर राहा, मी खंबीर राहून राहून थकले. झोप येईना गेलीय. रात्री दोनला उठून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसते. एवढे दिवस थांबायचं कसं, आणि तोवर आजार पसरला तर?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना शुगर, एमआरआय, तारीख एवढंच डोक्यात राहिलं, दुसऱ्यांदा मात्र त्या एका ओळीवर अडकले जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय, चिठ्ठ्यांची. पुढं कंसात तुम्ही लिहिलंय की हरभऱ्याची डाळ, येसर, काळं तिखट, मेतकूट, सगळ्यांवर नावं लावली, म्हणजे मी नसले तरी यांना सापडंल. "मी नसले तरी" हे तीन शब्द तुम्ही घरात कुणापुढंच बोलला नाहीत ना? मला वाटतं नाही बोलला. डब्यांना सांगितलं फक्त.

माझी मावशी परभणीकडची. तिलाही हाच आजार निघाला होता, बरीच वर्षं झाली त्याला. तिची पण तारीख अशीच तीन-चार आठवडे पुढची होती आणि दिवस उन्हाळ्याचे होते. तर तिनं काय केलं, कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे चारला चूल पेटवून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत माळवदावर जुन्या धोतरावर सोऱ्यानं घालत सुटायचं, एकदा नाही, चार वेळा. दोन वर्षं पुरतील एवढ्या कुरडया त्या घरात झाल्या. आम्ही सगळे कौतुकानं म्हणायचो, बघा किती खंबीर आहे बाई, एवढं मोठं दुखणं निघालं तरी डोळ्यात पाणी नाही. पुढं कितीतरी दिवसांनी ती मला म्हणाली, चीक हलवताना मी रोज रडायचे, धूर गेला डोळ्यात म्हणायला बरं पडायचं. आम्ही चार माणसं घरात होतो तेव्हा आणि एकालाही विचारावं वाटलं नाही की मावशी, दोन वर्षांच्या कुरडया कामून घालायलीस. ती गोष्ट मला अजून लागते. म्हणून तुमची चिठ्ठ्यांची ओळ वाचून मी पुढं जाऊ शकले नाही.

तर पहिलं हे बोलू. तुम्ही धरून चाललाय की मी घाबरलेली दिसले तर घर कोसळंल. खरंच कोसळंल का? तुमच्या पत्रातूनच मला दिसतंय की घरातलं प्रत्येक माणूस आत्ता एकेकटं घाबरलेलं आहे, मालक रानात बसून घाबरतेत, पोरगं पुण्याहून दिवसाला तीन फोन करून "जेवलीस का" विचारतंय म्हणजे तेही घाबरलंय, सासूबाईंचं बोलणं टोचणारं आहे पण त्याच्या मागं पण भीतीच आहे बहुतेक. आणि हे सगळे एकमेकांपासून भीती लपवत एकाच ताटाभोवती बसतेत. "खंबीर राहा" हे म्हणणाऱ्याला बरं वाटायला असतं ताई, त्याला पुढचं ऐकावं लागत नाही. माणसं वाईट नसतात, त्यांना दुसरं काय बोलावं हे सुचत नाही एवढंच. पण तुम्ही त्यांच्यासाठी तोंड मिटून बसायचं आणि रात्री दोनला डब्यांशी बोलायचं, हा भार आत्ता तुमच्या अंगावर नको. कॅन्सर निघालाय, पोटाचं मोठं ऑपरेशन व्हायचंय, भीती वाटणारच, रडू येणारच, मधेच चिडचिड होणार, एखाद्या दिवशी काहीच वाटणार नाही आणि मग काहीच कसं वाटत नाही म्हणून वाईट वाटंल. हे सगळं होतं माणसाला. याचा ऑपरेशन नीट होण्या-न होण्याशी संबंध नाही. मन खचलं तर आजार वाढतो असं कुणी सांगितलं असंल तर ते सोडून द्या, रडल्यानं कॅन्सर वाढत नाही.

आता तुमचा जो सरळ प्रश्न आहे, थांबल्यानं पसरंल का. तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही, ते बिझी होते. ताई, हा प्रश्न त्यांनाच विचारायचा, पण मला जे माहीत आहे ते सांगते. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर अनेक प्रकारचा असतो, त्यातला जो नेहमी आढळणारा प्रकार आहे तो बहुतेक वेळा हळू वाढणारा असतो, आणि अंगावरून जाण्यामुळं तो बऱ्याच जणींत लवकर, पिशवीच्या आत असतानाच सापडतो. काही प्रकार जोरात वाढणारे पण असतात, म्हणून डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारा, माझा प्रकार कोणता, ग्रेड किती म्हणजे तो किती जोरात वाढणारा दिसतोय, आणि माझ्या बाबतीत साडेतीन आठवडे थांबणं चालतं का. एवढं एकच वाक्य. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत उपचाराचा निर्णय झाल्यापासून ३१ दिवसांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट ठेवलेलं असतं, तुमची तारीख त्याच्या आतच बसते. आणि हे दिवस नुसते वाया चाललेले नाहीत. शुगर वाढलेली असताना पोट उघडलं तर जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याची भीती वाढते. म्हणजे रोज सकाळी बोटाला टोचून तो आकडा वहीत लिहिणं हे सुद्धा उपचारातच मोडतं. ऑपरेशनची सुरुवात त्या वहीपासून झालेलीच आहे असं धरा की. तारीख मात्र पुढं ढकलली गेली आणि ढकलतच राहिली, तर गप बसू नका, कारण विचारा, दुसरीकडं लवकर होईल का ते विचारा. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, लातूर-धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल पण माहितीचं आहे. तुमची फाईल घेऊन दुसरं मत घेतलं म्हणून कुठला चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि तोवर अंगावरून एकदम जास्त जायला लागलं, तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, ताप आला, एका पायाला सूज येऊन पोटरी दुखायला लागली किंवा दम लागला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. हे घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा.

पाच महिन्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय "माझ्याच हातानं केलं मी". मला याचा राग येतो, तुमचा नाही, या आपल्याकडच्या उष्णतेचा. आपल्याकडं बाईला काहीही झालं की उष्णता, पांढरं जातंय उष्णता, डाग दिसले उष्णता, आणि सब्जा घे, वाळा घे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासणी करायची असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नाही ना. मग जे माहीतच नव्हतं त्याची शिक्षा स्वतःला कशाला. वाचणाऱ्या बाकीच्या बायांनी मात्र हे ऐकून ठेवा, असा डाग दिसलेल्या दहातल्या साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो, दुसरंच काहीतरी साधं कारण निघतं, पण ज्यांना हा कॅन्सर होतो त्यातल्या दहातल्या नऊ जणींना आधी असा डाग दिसलेला असतो. म्हणून घाबरायचं नाही पण दाखवायचं, त्याच आठवड्यात दाखवायचं. ताई, तुम्ही उशिरा का होईना गेलात आणि आजार पिशवीत असतानाच सापडलाय असं डॉक्टरांना दिसतंय. हे तुमच्या हातानंच झालं की.

सासूबाईंना तुम्ही उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. पण तुमच्या मनात ते बोलणं घर करून बसलंय म्हणून सांगते. हा आजार कुणाच्या तळतळाटानं होत नाही, एकीचा दुसरीला लागत नाही, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं म्हणून होत नाही. शरीरात एक हार्मोन असतं, इस्ट्रोजेन, ते पिशवीचं अस्तर वाढवतं आणि दुसरं हार्मोन त्याला आवर घालतं. पाळी गेल्यावर तो आवर घालणारा कमी पडतो, आणि चरबीतून, वजन जास्त असंल तर आणखी, इस्ट्रोजेन तयार होतच राहतं. त्यात शुगर, वय, कधी घराण्यातला दोष. बस एवढं आहे ते. तुमच्या माहेरी कुणाला पिशवीचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असंल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांना जरूर सांगा, लेकीच्या पुढच्या काळजीसाठी ते उपयोगाचं आहे.

जाऊबाईंचं बोलणं मला जास्त टोचलं खरं सांगू का. "पिशवीच काढायचीय ना." आपल्या मराठवाड्यात हे वाक्य इतकं सोपं झालंय त्याला कारण आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या बाया, कोयता चालू राहावा, खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून. त्यामुळं आपल्याकडं पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालंय, आणि दुसरीकडं पिशवी काढा म्हणणाऱ्या प्रत्येक डॉक्टरवर संशय पण येतो. तुमच्या मनात पण कुठंतरी आलंच असंल, की आपल्याला फसवत तर नाहीत. तो संशय चुकीचा नाही, पण तुमच्या बाबतीत तुकडा तपासलेला लेखी रिपोर्ट आहे, एमआरआय आहे, पाळी गेलेली आहे. यात पिशवी, तिचं तोंड, दोन्ही नळ्या आणि बहुतेक वेळा दोन्ही अंडाशय काढतात, कधी आजार तिथं गेलाय का बघायला बाजूच्या लसिकाग्रंथी पण तपासायला घेतात. हा या आजाराचा मुख्य उपचारच आहे. तुमची आणि त्या गावातल्या बायांची गोष्ट एक नाही आणि तुमचं दुःखही त्यांच्यासारखंच किंवा त्यांच्यापेक्षा कमी असलं पाहिजे असं नाही. दोन लेकरं ज्या पिशवीत वाढली ती जाणार म्हणून वाईट वाटतंय असं तुम्ही शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. वाटू द्या. पाळी गेली म्हणून ती तुमची नव्हती असं थोडंच आहे.

बाईपण जातं का, मालकांना नकोशी होईन का, हे तुम्ही विचारलं नाही पण बऱ्याच जणींच्या मनात असतं आणि विचारता येत नाही, म्हणून लिहिते. जवळीक पुढं करता येते, साधारण सहा ते आठ आठवडे थांबून, डॉक्टर तपासून हो म्हणाले की. कोरडेपणा वाटू शकतो, त्याला उपाय आहेत, लाजून गप बसू नका.

आता लेक. इथं मी तुमच्याशी सहमत नाही ताई, आणि स्पष्ट बोलते. तुम्हाला वाटतं तिला सांगितलं तर पोटातल्या लेकराला त्रास होईल. पण हिशोब करून बघा. ऑपरेशन साडेतीन आठवड्यांनी, त्यानंतर साधारण सहा आठवडे हंडा उचलायचा नाही, बादली उचलायची नाही, वाकून काम नाही, आणि लेकीचे दिवस भरणार त्याच सुमाराला. बाळंतपण म्हणजे काय असतं तुम्हाला सांगायला नको, लेकराला न्हाऊ घालणं, बाळंतिणीचं अंग चोळणं, शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं. ते यावेळी तुमच्याच्यानं होणार नाही. ती आठव्या-नवव्या महिन्यात बॅग भरून माहेरी येणार आणि दारात तिला कळणार की आईचं पोट टाक्यांनी शिवलंय, हे तिच्यासाठी सोपं आहे का? पंचमीला आली तेव्हा तिला काही वास आला नसंल असं मला वाटत नाही. आईचा चेहरा लेकीला वाचता येतो. बऱ्याच वेळा न सांगितलेलं माणूस खऱ्यापेक्षा भयंकर करून घेतं मनात.

सांगताना फोनवर रात्री सांगू नका, जावईबापू घरी असतील अशा वेळी दिवसा सांगा, जमलं तर समोर बसून. आणि सगळा आजार उलगडून सांगायची गरज नाही. असं काहीतरी, "मला पिशवीचा कॅन्सर निघालाय, डॉक्टर म्हणतेत तो पिशवीतच दिसतोय, अमुक तारखेला ऑपरेशन आहे, शुगर कमी करायलेय. तुझं बाळंतपण मी पाटावर बसून बघणार, पण उचलापाचल दुसऱ्यानं करायची." ती रडंल. रडू द्या तिला, गप गप म्हणू नका. मग दोघी मिळून ठरवा, तिच्या सासूबाई येतील का, तुमची बहीण महिनाभर येऊन राहील का, की यावेळी बाळंतपण तिकडंच करायचं. पहिलं माहेरी हा रिवाज आपल्याला प्रिय आहे, पण यावेळी मोडला तर कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही मायनं लेकराचं तोंड बघायला गेलात काय आणि ते तुमच्याकडं आलं काय. महालक्ष्म्यांचं पण तसंच. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेले असतील तेव्हा, सोळा भाज्या आणि पुरणाचा घाट तुम्ही घालायचा नाही. उभ्या करू द्या जाऊबाईंना, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, किंवा नुसतं हळदीकुंकू वाहा.

मालकांबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यांना काही पडलं नाही असं वाटतंय. असंल खरंच तर मी इथं बसून त्यांची बाजू घेणार नाही, पण एक गोष्ट करून बघा, त्यांना बोला म्हणू नका, काम द्या. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांना दुःखाचं काय करायचं हे शिकवलेलंच नसतं, काम दिलं की मात्र ते त्याला चिकटतात. फाईल त्यांच्याकडं द्या. सगळे रिपोर्ट तारखेनं लावायचे, झेरॉक्स काढायच्या, रेशनकार्ड आणि आधार त्यातच ठेवायचं, रोजची शुगर वहीत मांडायची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं जाऊन विचारायचं, तो योजनेच्या काउंटरवर बसतो. वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचा खर्च त्यात होतो, फक्त दवाखाना योजनेत असायला पाहिजे आणि मंजुरी आधी घ्यावी लागते, ऑपरेशन झाल्यावर पळापळ करून उपयोग नाही. पैशाची काळजी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीय पण रात्री दोनला तीही जागी असणार. ती त्यांच्याकडं जाऊ द्या.

आणि चिठ्ठ्या. चिठ्ठ्या लिहिणं बंद करा असं मी म्हणणार नाही, हाताला काहीतरी लागतंच अशा वेळी. फक्त एक वेगळी वही उशाशी ठेवा आणि रात्री जे डोक्यात येईल ते त्यात लिहा, कसंही, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. सकाळी उजेडात ती वही उघडायची आणि बघायचं, यातलं डॉक्टरांना विचारायचं कोणतं. ऑपरेशन दुर्बिणीनं की पोट उघडून? अंडाशय पण काढणार का? किती दिवस ॲडमिट? लघवीची नळी किती दिवस? रक्त लागलं तर आधी सोय करायची का? काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट किती दिवसांत येणार आणि तो कोण समजावून सांगणार? हे कागदावर उतरवून पोराला पुण्याहून बोलवून घ्या पुढच्या भेटीला, तो विचारंल, तुम्ही ऐका. दवाखान्यात आपलं तोंड बंद होतं हे सगळ्यांचंच होतं. मग उरलेलं बघायचं, यातलं मालकांशी बोलायचं कोणतं, लेकीशी कोणतं. आणि काही प्रश्न असे उरतील ज्यांचं उत्तर आत्ता कुणाकडंच नाही, "मी वाचेन का" हा त्यातला. तो खोडू नका, राहू द्या वहीत. अशा प्रश्नाला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं फक्त. मावशी पुढं कितीतरी वर्षं जगली, नातवंडं खेळवली, पण ते सांगून मी तुम्हाला हमी देत नाही, देता येत नाही, आणि कुणी देत असंल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दिवसाचं थोडं सांगते पटपट. सकाळी ऊन व्हायच्या आत चाला, बांधापर्यंत आणि परत, दम लागणार नाही एवढं. मिश्री लावत असाल तर ती आजच बंद करा, लपवू नका, भूलवाल्या डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं असतं, रोजच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी, आणि शेजारणीनं आणून दिलेली पावडर तुम्ही लिहिलीय ती पण. ती पावडर तर घेऊच नका. आत तीन छोटे चेंडू असलेलं श्वासाचं यंत्र देतात दवाखान्यात, आत्ताच मागून घ्या आणि सराव करा, ऑपरेशननंतर छातीत कफ साचू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. मोबाइलवर रात्री कॅन्सरचे व्हिडिओ बघणं बंद, तुमचा भाचा आहे ना नर्सिंगला, त्याला सांगा काही पाहायचं असंल तर तू बघ आणि मला सांग. भेटायला येणाऱ्या बायांना दारातच सांगायला एखादी नणंद-भावजय बसवा, की दुखण्याच्या कहाण्या सांगायच्या नाहीत, फलाणीची अशीच पिशवी काढली आणि चार महिन्यांत गेली, हे असलं नको. तुम्हाला एकटीला नाही जमणार त्यांना थांबवायला.

झोप दहा-बारा दिवस अशीच उडालेली राहिली, अन्न जाईना झालं, किंवा यापेक्षा मेलेलं बरं असं मनात यायला लागलं तर तो तुमचा कमकुवतपणा नाही, त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा की झोप नाही, ते बघतील काय द्यायचं ते. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी परस्पर घेऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर नंतर धसका बसतो. ऑपरेशन झालं की संपलं असं होत नाही, काढलेली पिशवी तपासायला जाते आणि रिपोर्टला साधारण दोन-तीन आठवडे लागू शकतात. आजार नेमका किती होता, कोणत्या स्टेजचा, हे तेव्हाच पक्कं कळतं. मग कुणाला पुढं काहीच लागत नाही, कुणाला योनीतून आतल्या आत किरणांचा शेक देतात, कुणाला बाहेरून, कुणाला केमो. म्हणजे पुन्हा एकदा वाट बघणं आहेच. तेव्हा आत्ता जी सवय लावाल, वही, फाईल, लेकीला फोन, ती तेव्हा कामाला येईल.

सोमवारी दवाखान्यात फोन करून त्या थांबण्याच्या प्रश्नाचं उत्तर घ्या, पोराला करू द्या फोन. आणि आज रात्री दोनला जाग आली आणि तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात, तर दिवा लावा आणि मालकांना उठवा. काही समजावून सांगायची गरज नाही. नुसतं म्हणा, मला झोप येईना गेलीय, बसा जरा. आणि ते डबे दाखवा त्यांना.